चियांग माईला राफ्टिंग : पोहता येत नसेल तर जावं का?

गवतीचहा
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीच्या आधी, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही थायलंडला चाललोय. मी, नवरा, मुलगा (नववी), नणंद आणि सासूबाई. पट्टायाला फाटा देऊन सगळे दिवस उत्तरेत, चियांग माईला काढायचे असं ठरलंय. तिथे मे तेंग नदीवर एक दिवसाचं राफ्टिंग असतं, ते नणंदेने शोधून काढलं. सकाळी हॉटेलवरून नेतात, नदीवर दोनेक तास, मग जेवण, संध्याकाळी परत.

जाहिरातीत वर मोठ्या अक्षरात लिहिलंय "ग्रेड ३ ते ५" आणि खाली बारीक अक्षरात "अनुभवाची गरज नाही". या दोन गोष्टींचा मला मेळ लागत नाहीये. घरात पोहता येतं फक्त नवऱ्याला, तेही टँकमध्ये. मुलगा शिकतोय. मी आणि नणंद उथळ बाजूला दांडी धरून उभ्या राहणाऱ्यांतल्या. नणंद म्हणते, लाइफ जॅकेट असतं की!

तर जाणकारांनी सांगावं, आम्ही जावं का? आणि सासूबाईंनी (वय ७१, शाकाहारी, गुडघे दुखतात) त्या दिवशी काय करावं?

सह्यवेडा
बिनधास्त जा. कोलाडला पोहता न येणारी अख्खी ऑफिसं येतात पावसाळ्यात. आयुष्यात एकदा तरी करायलाच हवं.

टवाळ
ग्रेड ५ म्हणजे आमच्या सोसायटीचं जुलैतलं पार्किंग. इथे तर गाईडही मिळत नाही. (हलकेच घ्या.)

रोखठोक
माझं मत विरुद्ध आहे. पोहता येत नाही त्याने नदीत उतरू नये, इतकं साधं आहे. दरवर्षी वर्षासहलीच्या बातम्या वाचतो ना आपण? "जॅकेट असतं की" हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. परदेशात, परक्या भाषेत, अनोळखी गाईडच्या भरवशावर कशाला? टँक सहा महिने करा, मग जा.

सह्यवेडा
रोखठोक, वर्षासहलीच्या बातम्यांतली माणसं जॅकेटशिवाय, गाईडशिवाय, बऱ्याचदा दारू पिऊन उतरलेली असतात. दोन्हींची सरमिसळ करू नका.

वल्हेकरी
जरा सविस्तर लिहितो. ऋषिकेशला काही मोसम काम केलंय, आणि मे तेंगवर पाहुणा म्हणून बसलोय.

आधी ग्रेडचं. नद्यांची ही प्रतवारी १ ते ६ अशी आहे. १ म्हणजे वाहतं पाणी, ६ म्हणजे व्यावसायिक ट्रिप जिथे नेतच नाहीत. पण एकाच टप्प्याची प्रत पाण्यानुसार बदलते. मे तेंगचा ५ हा भर पावसाळ्यातला, ऑगस्ट-सप्टेंबरच्या आसपासचा. तोच टप्पा फेब्रुवारीत २-३ वर येतो आणि राफ्ट खडकांवर घासत जाते. जाहिरातवाले वर्षातला सगळ्यात मोठा आकडा छापतात. "अनुभवाची गरज नाही" हेही खोटं नाही. दिशा गाईड मागे बसून ठरवतो, तुम्ही फक्त जोर पुरवायचा. त्याचे हुकूम पाच-सहाच असतात: फॉरवर्ड, बॅक, स्टॉप, ओव्हर लेफ्ट, ओव्हर राइट, गेट डाउन. मात्र सगळ्यांनी ते एकाच वेळी पाळायचे असतात, आणि मराठी कुटुंबाला नेमकं तेच जमत नाही.

आता पोहण्याचं. रोखठोक यांची काळजी समजते, पण इथे पोहणं दुय्यम आहे. फेसाळत्या पाण्यात हवा मिसळलेली असते, ते अंगाला नीट उचलून धरत नाही. टँकमध्ये लांब्या मारणाराही त्या प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही. वर ठेवतं ते जॅकेट. म्हणून ते मापाचंच हवं. सगळे बक्कल लावून झाले की कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत आलं तर दुसरं मागा, लाजू नका.

पाण्यात पडलात तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पायाची बोटं पाण्याच्या वर. उभं राहायचं नाही, पाणी कमरेएवढं असलं तरी नाही. खडकांच्या फटीत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवतं, आणि मग कमरेएवढ्या पाण्यातही तोंड वर काढता येत नाही. इथे पोहणारे जास्त चुकतात, कारण तळ लागला की त्यांना चालत काठावर यायचं असतं. तुमच्या यजमानांना हे दोनदा सांगा.

आणि वल्ह्याच्या वरच्या टोकाला आडवी मूठ असते, त्यावरचा हात कधीही सोडू नका. राफ्टिंगमधले फुटलेले ओठ आणि तुटलेले दात बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या सुटलेल्या मुठीची करामत असते.

खारी_बिस्कीट
"मराठी कुटुंबाला नेमकं तेच जमत नाही" _/\_

गवतीचहा
वल्हेकरी, खूप आभार, घरात मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा "मला तळ लागला तर मी उभा राहणारच" म्हणतोय. त्याचं काय करू?

वल्हेकरी
त्यांना मधे बसवा.

खरा प्रश्न मात्र अजून कुणी विचारलेला नाही. त्या दिवशी नदीला पाणी किती असेल, आणि किती पाण्याला ही कंपनी ट्रिप रद्द करते? सह्यवेडा यांनी कोलाडचं उदाहरण दिलं, पण तिथल्या कुंडलिका नदीचं पाणी धरणातून सोडलेलं आहे. मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, म्हणून तिथे सकाळी ठरल्या वेळी राफ्टी उतरतात आणि पाण्याचा साधारण अंदाज असतो. मे तेंग म्यानमारच्या हद्दीकडच्या डोंगरांतून येते आणि राफ्टिंगचा पट्टा पावसावर चालतो. वर डोंगरात रात्री जोराचा पाऊस झाला, की तुमच्या हॉटेलवर लख्ख ऊन असतानाही सकाळी नदी चढलेली असते. शिवाय ऋषिकेशला गंगेचं पात्र रुंद, लाटा मोठ्या पण पुढे मोकळं पाणी. मे तेंग अरुंद, खडकाळ, आणि मधल्या भागात एकामागून एक रॅपिड (खडकांतून फेसाळत जोरात उतरणारं पाणी). पडलेल्या माणसाला उचलायला वेळ कमी मिळतो.

म्हणून बुकिंगच्या आधी कंपनीला विचारा: पाणी मोजायची तुमची खूण कोणती, कुठल्या पातळीला तुम्ही बंद करता, आणि तेव्हा पैसे परत देता की दुसरा टप्पा देता? ज्याला हे उत्तर तोंडपाठ आहे त्याच्याबरोबर जा. "नो प्रॉब्लेम, एव्हरी डे ओके" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. पडलेल्यांना उचलायला सोबत सेफ्टी कयाक (छोटी होडी) असते का, एकाच राफ्टीने जाता की दोन-तीन, गाईडकडे दोरीची थ्रो बॅग असते का, हेही विचारून घ्या.

बँकॉककर
नोकरीनिमित्त इथेच असतो, उत्तरेत दरवर्षी चक्कर होते. वल्हेकरींच्या पातळीच्या मुद्द्याला +१.

२०२४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला पिंग नदीने चियांग माईत पाच मीटरच्या वर पातळी गाठली होती, नाइट बाजारचा भाग पाण्याखाली होता. मे तेंगमध्ये हत्तींच्या एका आश्रयस्थानातले दोन हत्ती त्या पुरात गेले. म्हणजे "ऑक्टोबर म्हणजे पावसाळा संपला" असं समजू नका. बहुतेक वर्षी दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत पाऊस ओसरायला लागतो, नदीला पाणी भरपूर पण वेडं नाही, अशी अवस्था असते. तुमच्या तारखा मला तरी चांगल्या वाटतात. राफ्टिंग सहलीच्या शेवटच्या दिवशी ठेवू नका. सुरुवातीला ठेवा, म्हणजे बंद निघालं तर पुढे सरकवता येईल.

फेब्रुवारी ते एप्रिल मात्र इकडे फिरकू नका. शेतं आणि जंगलं जळत असतात, धुराने समोरचा डोंगर दिसत नाही, आणि नदीला पाणीही नसतं.

बाकी व्यवहाराचं: चियांग माईहून तासा-सव्वातासाचा रस्ता आहे, १०७ नंबरच्या हमरस्त्याने उत्तरेला, मग आत वळायचं. माणशी दीड-दोन हजार बाटच्या आसपास पडतं, जेवण-वाहतूक धरून. निघण्याआधी टीडीएसी हा डिजिटल आगमन अर्ज भरा, १ मे २०२५ पासून तो सक्तीचा आहे. फुकट आहे. पैसे मागणाऱ्या नकली साइटींपासून सावध.

चतुरभटक्या
बँकॉकहून चियांग माईला विमानाने जाताय की रात्रीच्या ट्रेनने? ट्रेन घ्या! साधारण साडेसातशे किलोमीटरचा मार्ग, पहाटे खुन तान बोगदा लागतो. आता ती गाडी जुन्या हुआ लाम्फोंगहून नव्हे, नव्या क्रुंग थेप अभिवत स्टेशनातून सुटते.

गवतीचहा
ट्रेनचं नणंदेने आधीच बुक केलंय. ती फार पुढे आहे आमच्या.

डॉ_निवांत
वैद्यकीय बाजू कुणी लिहिली नाही म्हणून. गरोदरपण, फिट्स, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, हृदयविकार, पाठीचा किंवा मानेचा चालू त्रास: यातलं काही असेल तर नको. खांदा एकदा निखळलेला असेल तरीही नको. वल्हं पाण्यात अडकून हात वर खेचला जातो आणि तो पुन्हा निखळतो.

दुसरं, लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप. मुंबईकरांना नाव माहीत आहेच. पावसाळ्यातलं गढूळ पाणी आणि पायाला जखम हे समीकरण थायलंडच्या उत्तरेतही लागू आहे. उघडी जखम असेल तर उतरू नका. परत आल्यावर महिन्याभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "मी नदीत होतो" हे आपणहून सांगा. नाहीतर सगळे डेंग्यूच शोधत बसतात.

नाका-तोंडात पाणी जाणारच. ज्याला डोकं पाण्याखाली गेलं की श्वास कोंडून घाबरायला होतं, त्याने आधी विचार करावा. मला पोहण्यापेक्षा ही कसोटी महत्त्वाची वाटते. जॅकेट घालून टँकच्या खोल बाजूला उडी मारून बघा. वर आल्यावर हसू आलं तर जा, रडू आलं तर नका जाऊ.

रोखठोक
डॉक्टरांची कसोटी पटली. माझं मत थोडं मऊ करतो. पोहता यायलाच हवं असं नाही, पण पाण्याची सवय हवी. नववीतल्या मुलाबद्दल अजूनही साशंक.

वल्हेकरी
मुलांसाठी किमान वय प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि पाणी वाढलं की तेही वर सरकतं. वजनही बघतात, कारण जॅकेट मापाचं बसायला हवं. नववीतला मुलगा मध्यम पाण्याला हरकत नाही.

विमावाला
प्रवास विम्याची कागदपत्रं काढून "साहसी खेळ" हा भाग वाचा. साध्या पॉलिशींमध्ये राफ्टिंग बऱ्याचदा वगळलेलं असतं, किंवा ठरावीक ग्रेडपर्यंतच चालतं. थोडा जास्त हप्ता भरून ते जोडून मिळतं. कंपनी सही घेते त्या कागदावर बहुधा "आमची जबाबदारी नाही" असंच असतं. तिच्या तिकिटात धरलेला विमा किती रकमेचा तेही विचारा.

भटकभवानी
सगळ्यांनी नदीचं लिहिलं, मला राफ्टिंगसोबत विकतात त्या कॉम्बो पॅकेजबद्दल बोलायचंय. राफ्टिंग + हत्तीची सवारी + लांब मानेच्या बायकांचं गाव, सगळं एका दिवसात. कृपया हे घेऊ नका. त्या कायान बायका म्यानमारमधून परागंदा होऊन आलेल्या लोकांपैकी आहेत, त्यांच्या गावात तिकीट काढून फोटो काढायचे हे मला बघवलं नाही. आणि हत्तीच्या पाठीवर लोखंडी बाकडं...

सह्यवेडा
मग त्या बायकांनी खायचं काय? त्यांना दुसरं काम करायची मोकळीक कुठे आहे? तुम्ही गेला नाहीत तर त्यांचं उत्पन्न बंद, एवढंच होईल. हत्तींचंही तेच.

भटकभवानी
त्यांच्याकडून विणकाम विकत घेणं वेगळं आणि त्यांना बघायला तिकीट काढणं वेगळं. गावाच्या दाराशी घेतलेले पैसे त्यांच्या हातात किती जातात, हेही विचारा एकदा.

इतिहासजमा
अवांतर, पण हत्ती तिथे पर्यटनात आले कसे हे रंजक आहे. उत्तर थायलंडचं सागवान हत्ती ओढत आणायचे आणि पावसाळ्यात ओंडके पिंग नदीतून वाहत खाली नाखोन सावनपर्यंत व पुढे बँकॉकला जायचे. या धंद्यातली एक बडी कंपनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, १८६३ साली मुंबईत स्थापन झालेली. म्हणजे आज जिथे तुम्ही हेल्मेट घालून ओरडत जाणार, त्या खोऱ्यांतून मुंबईच्या कंपनीचे ओंडके वाहत गेलेत. १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात भयंकर पूर आणि दरडी आल्या, दोष जंगलतोडीला दिला गेला आणि १९८९ मध्ये सरकारने तोडीवर बंदी घातली. हत्ती आणि माहूत एका फटक्यात बेकार. मग ते वळले पर्यटकांकडे. त्यामुळे सह्यवेडा आणि भटकभवानी दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

टवाळ
मुंबईचे ओंडके अजूनही तिकडे वाहत जातातच की. फक्त आता परतीचं तिकीट काढून जातात.

संपादक_मंडळ
हत्तींसाठी कृपया वेगळा धागा काढावा. मूळ प्रश्नावर या.

गवतीचहा
कॉम्बो रद्द. तसंही एवढं सगळं एका दिवसात म्हणजे दिवसभर गाडीतच. आता सासूबाईंचं कुणी सांगेल का? त्या हा धागा रोज वाचताहेत आणि अजून त्यांच्याबद्दल एकही प्रतिसाद नाही म्हणून नाराज आहेत.

बँकॉककर
काकूंना नमस्कार! शहराजवळच्या डोंगरावरचं दोई सुथेपचं मंदिर. नागांच्या कठड्याच्या तीनशेहून जास्त पायऱ्या आहेत, पण बाजूला रुळांवरून चढणारा पाळणा आहे, गुडघ्यांना त्रास नाही. वरून सगळं शहर दिसतं. सकाळी लवकर जावं, नंतर ढग आणि गर्दी दोन्ही येतात. फक्त एकट्या पाठवू नका, हॉटेलवाल्याकडून दिवसभरासाठी गाडी ठरवा.

किंवा त्यांनाही पाण्याची हौस असेल तर मे वांगला बांबूचे तराफे असतात. शांत पाणी, नावाडी लांब काठीने ढकलत नेतो. बसायला खाली असतं, तेवढं गुडघ्यांचं बघा. पाणी वाढलं की तेही बंद असतं.

माईंची_लेक
शाकाहारासाठी: थाई लोक भाजीतही माशाचा सॉस घालतात, "नो मीट" सांगून भागत नाही. "किन जे" म्हणायचं. जे प्रकारात मासे, अंडी, दूध काहीच नसतं, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे आमच्या जैन मैत्रिणीचीसुद्धा सोय झाली. गंमत म्हणजे त्यांचा नऊ दिवसांचा जे उत्सव बहुतेक वर्षी आपल्या नवरात्रातच येतो, तेव्हा खाण्याच्या गाड्यागाड्यांवर पिवळे झेंडे लागतात. राफ्टिंगच्या जेवणाचं मात्र बुकिंग करतानाच सांगा. नदीकाठच्या स्वयंपाकघरात ऐनवेळी काही होत नाही, फ्राइड राइसमधून चिकन वेचून देतात.

वाळपईकार
गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे सत्तरी तालुक्यात म्हादई नदीवर पावसाळ्यात राफ्टिंग असतं, तीही मे तेंगसारखी पावसावर चालणारी नदी. जायच्या आधी सवय करायची असेल तर सप्टेंबरात इथे एक चक्कर टाका. टँकपेक्षा बरं. नंतर जेवायला माशाचं हुमण मिळेल, काकूंसाठी भाज्यांचं खतखतं.

खारी_बिस्कीट
बायकांसाठी: कपडे सुती नको, ओले झाले की जड होतात आणि वाळत नाहीत. ओढणी, लांब कानातलं, मंगळसूत्र सगळं हॉटेलवर. चष्म्याला मागून बांधायची दोरी. पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट, साध्या चपला पहिल्याच लाटेत जातात. फोन नेऊ नका, काठावरून कंपनीचा माणूस फोटो काढतो आणि नंतर विकतो. तुमचं तोंड उघडंच असेल प्रत्येक फोटोत.

गवतीचहा
(बऱ्याच दिवसांनी) मंडळी, जाऊन आलो. थोडक्यात सांगते.

तीन कंपन्यांना पातळीचा प्रश्न विचारला होता. एकीने उत्तर दिलं नाही, एकीने "डोन्ट वरी मॅडम" लिहिलं. तिसरीने नदीकाठच्या खुणेचा फोटो पाठवला आणि कुठल्या रेषेच्या वर गेलं की वरचा टप्पा बंद करतात ते सांगितलं. तिच्याकडे गेलो. जायच्या आधी दोन दिवस पाऊस नव्हता, त्यामुळे पाणी मध्यमच निघालं. सुरुवातीचा टप्पा सौम्य, तिथे गाईडने आम्हाला मुद्दाम एकेक करून पाण्यात उतरवलं, उताणं तरंगायला लावलं आणि दोरी पकडून परत यायला सांगितलं. त्यानेच माझी अर्धी भीती गेली. मधला पट्टा मात्र खरोखर दमवतो. दोन रॅपिडच्या मधे श्वास घ्यायला वेळ नाही. राफ्ट एकदा खडकावर अडकली, सगळ्यांना एका बाजूला उड्या मारायला लावून सोडवली. पडलं कुणीच नाही. नवरा मधे बसला होता. :)

मुलाला अजून एकदा जायचंय. नणंद नाराज आहे, तिच्या मते पाणी कमी होतं, आता पुढच्या वर्षी सप्टेंबरात जायचं म्हणते. सासूबाई पाळण्याने वर गेल्या आणि पायऱ्यांनी खाली आल्या, आणि दोन दिवस गुडघ्यांबद्दल मलाच ऐकवलं.

रोखठोक
सुखरूप आलात, छान. सप्टेंबरच्या आधी नणंदबाईंना टँकला घाला.

नवखा_२
उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली. आम्ही जानेवारीत जातोय, तेव्हा मे तेंगला काही मजा असते का?

वल्हेकरी
जानेवारीत पाणी उतरलेलं आणि सकाळी थंडगार असतं, ग्रेड ३ च्या आसपास. लहान मुलं आणि पहिल्यांदा जाणारे यांच्यासाठी चांगलं. दोन माणसांच्या रबरी कयाक देतात का विचारा, कमी पाण्यात त्यांतच जास्त मजा आहे. थोडी उब टिकवणारा टी-शर्ट न्या.